इंजिन ओळखता येतं, माणसं कोण ओळखणार?

खानदेशात रेल्वेची नोकरी केलेलं घर असेल, तर लोखंडी पेटीच्या तळाशी किंवा भिंतीवरच्या फ्रेममागे एखादा तरी फोटो निघतोच. निवृत्तीच्या दिवशी झेंडूच्या माळा घातलेलं इंजिन आणि त्याच्या पायरीवर उभे असलेले आजोबा. स्टेशनसमोर खुर्च्या मांडून बसलेले मास्तर, मागं उभे पोर्टर आणि पॉइंट्समन. फलाटावर उतरलेलं वऱ्हाड, ट्रंकेवर बसलेली नवरी. फोटोची मागची बाजू बहुतेक वेळा कोरी असते. तो कुठला, केव्हाचा आणि त्यात कोण कोण आहे हे सांगू शकणारं माणूस घरात एखादंच उरलेलं असतं, आणि ते ऐंशीच्या पुढचं असतं.

या फोटोंभोवती सध्या दोन तऱ्हेची माणसं काम करताना दिसतात. इंजिनाचा वर्ग, डब्याचा रंग, सिग्नलची तऱ्हा पाहून फोटोचं साल काढणारे जाणकार एका बाजूला, आणि लहानपणीच्या गाडीच्या आठवणी भरभरून सांगणारे दुसऱ्या बाजूला. दोघांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसतं. जाणकारांना आठवणी म्हणजे गप्पा वाटतात, आणि आठवणी सांगणाऱ्यांना बफर-कपलिंगमध्ये रस नसतो. मला हे दोन्ही एकच काम वाटतं. फोटोत तपशील असतो पण नाव नसतं. आठवणीत नाव असतं पण साल नसतं. दोन्ही समोरासमोर ठेवले तरच काही हाती लागतं. आणि या कामाला क्रम आहे. इंजिन आणखी पन्नास वर्षांनीही पुस्तकांतून ओळखता येईल. माणसं ओळखायची मुदत मात्र संपत आली आहे, म्हणून ती आधी ओळखली पाहिजेत.

आधी जागेचं पाहू, कारण इथले मार्ग एका वेळी आणि एका कंपनीचे झाले नाहीत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वे १८६० च्या दशकात थळ घाट चढून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचली. तिथून एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला गेला. दुसरा खांडव्यावरून जबलपूरकडे गेला आणि ७ मार्च १८७० रोजी मुंबई-कलकत्ता हा सलग लोहमार्ग पुरा झाला. मोठं यार्ड, लोको शेड, प्रशिक्षण शाळा आणि हजारो क्वार्टर असलेलं भुसावळ हे गाव हे दोन फाटे फुटतात तिथंच वाढलं. विसावं शतक उजाडता उजाडता आणखी दोन मार्ग झाले. चाळीसगावहून धुळ्यापर्यंत छप्पन किलोमीटरचा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालची ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा करत अमळनेरपर्यंत आली, आणि जळगाव ते अमळनेर हा तुकडा जीआयपीनं बांधला. म्हणजे अमळनेरला दोन कंपन्या भेटत होत्या. अमळनेरचा जुना फोटो हाती आला तर डब्यांवरच्या अक्षरांकडे नीट पाहावं, ते याचसाठी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरा ते जामनेर ही अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी झाली. तिला सगळे ‘पीजे’ म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपीची मध्य रेल्वे झाली, आणि सुरतेकडून येणारा मार्ग पश्चिम रेल्वेकडे गेला. जिल्ह्यांची नावंही बदलली. १९०६ पासून पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये ते जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. फोटोमागे ‘पू. खानदेश’ असा शिक्का असेल तर तो १९६० च्या आधीचा असण्याचा संभव मोठा. स्टुडिओवाले जुना शिक्का वर्षानुवर्षं वापरत, त्यामुळे याहून जास्त म्हणता येत नाही.

आता भुसावळच्या कुठल्याही रेल्वे कुटुंबात निघतो तसा एक फोटो समोर घेऊ. पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. मधोमध इंजिनाचं तोंड, त्यावर हार. पुढं दहा-बारा माणसं, मधल्या गृहस्थांच्या गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नाही. साल काढायचं आहे. पाहायचं कुठं?

इंजिनाच्या तोंडाकडे पहिल्यांदा नजर जाते, आणि ते बरोबरही आहे. पुढं आलेलं गोलाकार नाक असेल तर ते डब्ल्यूपी, म्हणजे मेल-एक्सप्रेसचं इंजिन. ते १९४७ मध्ये भारतात आलं, त्यामुळे फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. तोंड सपाट असेल तर शक्यता पुष्कळ उरतात. मालगाडीचं डब्ल्यूजी असेल, जे १९५० पासून आलं आणि चित्तरंजनच्या कारखान्यातही बनू लागलं, किंवा त्याच्या आधीच्या पिढीचं एखादं असेल. मग बफरच्या मधल्या आडव्या पट्टीवरची अक्षरं. हारांमुळे निम्मी झाकलेली असतात, पण ‘सी’ हे इंग्रजी अक्षर दिसलं तर सेंट्रल रेल्वे, म्हणजे नोव्हेंबर १९५१ च्या पुढचा काळ. उलटं मात्र धरू नये. ‘जीआयपी’ दिसलं म्हणून फोटो १९५१ च्या आधीचाच, असं होत नाही. ओतीव लोखंडावरची अक्षरं कुणी लगेच खरवडत बसलं नव्हतं. बाकं, दिवे, तराजू यांच्यावर ती पुढं कित्येक वर्षं राहिली.

मग वर पाहायचं. इगतपुरी ते भुसावळ मार्गाचं विद्युतीकरण १९६० च्या दशकाच्या अखेरीस झालं. फोटोत डोक्यावर तारा असतील, किंवा नुसते खांब उभे असून तारा ओढायच्या बाकी असतील, तर साल बरंच आवळता येतं. पण इथे एक मोठा खड्डा आहे आणि त्यात जाणकारही पडतात. सुरत-जळगाव मार्गावर तारा अगदी अलीकडच्या, आणि चाळीसगाव-धुळे फाट्यावर तर परवा परवाच्या. त्यामुळे शिरूड किंवा बोरविहीर स्थानकाचा तारा नसलेला फोटो १९३० चाही असू शकतो आणि २०१० चाही. ‘तारा नाहीत म्हणजे जुना’ हा नियम फक्त मुख्य मार्गावर चालतो, तोही भुसावळच्या अलीकडे. भुसावळच्या पलीकडे नागपूर आणि खांडव्याच्या बाजूला तारा पुष्कळ नंतर आल्या.

आता खाली, सावल्यांकडे. जळगाव-भुसावळ साधारण एकवीस अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली सापडते. जुलैच्या मध्यावर पुन्हा तसं होतं, पण तेव्हा खानदेशात ढग असतात. फोटोत माणसांच्या सावल्या पावलांशीच गोळा झाल्या असतील आणि आभाळ कोरडं ठणठणीत असेल, तर महिना बहुधा मे. याला आणखी एक गोष्ट जोडा. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली. १ जूनचा माणूस ३१ मेला निवृत्त होतो. रेल्वेतल्या निरोपसमारंभाचे फोटो मे अखेरीच्या रणरणत्या उन्हात काढलेले का दिसतात, याचं एक कारण शाळेच्या दाखल्यात सापडतं. इंजिनांच्या पुस्तकात हे मिळणार नाही.

इथवर फोटो एकट्यानं बोलतो. पुढं त्याच्यासमोर घरातल्या आजीला बसवावं लागतं. ती चष्मा पुसते, फोटो खिडकीच्या उजेडात धरते आणि ज्या गोष्टीकडे आपण पाहिलंच नव्हतं तिच्यावर बोट ठेवते. कडेला अर्धवट कापला गेलेला पदर कुणाचा, खाली उकिडवा बसलेला पोरगा फायरमनचा की कँटीनमधला, साहेब खुर्चीवर का आहेत आणि खलाशी मागच्या रांगेत का. हे इंजिन त्या आजोबांचं नव्हतंच, शेडमध्ये त्या दिवशी जे उभं होतं त्यालाच हार घातले, असंही ती सांगून जाते. म्हणजे इंजिनावरून आजोबांच्या नोकरीचा जो इतिहास आपण रचत होतो तो कोसळला. मला या क्षणाचं मोल इंजिनाच्या नंबरापेक्षा फार जास्त वाटतं. नंबर नोंदवहीत असतो; पदर कुणाचा हे कुठल्याच वहीत नसतं.

ओळखीच्या आणखी काही खुणा थोडक्यात सांगतो. डब्यावर तिसऱ्या वर्गाची खूण असेल तर फोटो १९७४ च्या मागचा, कारण त्या साली तिसरा वर्ग रद्द झाला. रंगीत फोटोत विटकरी लाल डबे असतील तर फोटो बहुधा नव्वदच्या दशकाच्या पुढचा नसावा. त्या दशकात निळा रंग येऊ लागला. अलीकडच्या डब्यांच्या पाच आकडी नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे डबा बनल्याचं साल, आणि फोटो अर्थातच त्याच्या नंतरचा. अल्बममध्ये फोटोबरोबर जाड पुठ्ठ्याचं तिकीट चिकटवलेलं असेल आणि भाडं आण्यांत असेल, तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. रुळाकडेच्या दगडावरचा आकडाही बोलतो. भुसावळ मुंबईहून सुमारे पावणेतीनशे मैल, म्हणजे साडेचारशेच्या आत-बाहेर किलोमीटर आहे. दगडावर दोनशेच्या घरातला आकडा असून मागं भुसावळचं यार्ड दिसत असेल, तर ते मैल आहेत आणि फोटो मेट्रिक पद्धत रुळण्याआधीचा आहे. स्पेलिंगवर मात्र भरवसा ठेवू नये. धुळ्याचं ‘धुलिया’ गेलं, तरी स्थानकाचा संकेत आजही ‘डीएचआय’च आहे.

मागचे डोंगर विसरू नयेत. रावेर-सावद्याकडे उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत दिसते. चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीकडचा सातमाळा. धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला. पुलांचंही तसंच. तापीचा पूल भुसावळ-खांडवा मार्गावर, वाघूरचा भादली-भुसावळच्या मध्ये, आणि गिरणेवर जामद्याकडे धुळ्याच्या फाट्याचा एक आणि पाळधी-जळगावच्या मध्ये सुरत मार्गाचा दुसरा. ‘गिरणेवरचा पूल’ एवढंच लिहिलेल्या फोटोत कुठली गिरणा हे दगडी खांब आणि काठची जमीन पाहूनच ठरतं. काचेची निगेटिव्ह उलटी छापली गेल्याचे प्रकारही पुष्कळ. दुहेरी मार्गावर आपली गाडी डावीकडून धावते; फोटोत ती उजवीकडून येताना दिसली तर आधी शर्टाची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते पाहावं.

फोटो स्वतःच्या बळावर साक्ष देत नाही, हे शिकायला खानदेशाबाहेर जायची गरज नाही. चाळीसगाव स्टेशनच्या जवळच कलामहर्षी केकी मूस यांचा बंगला आहे. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या पारशी कलावंतानं इंग्लंडला कलेचं आणि फोटोग्राफीचं शिक्षण घेतलं, आणि परत आल्यावर १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची सारी वर्षं जवळजवळ त्या घराच्या चार भिंतींत काढली. टेबल-टॉप फोटोग्राफीत त्यांचा हातखंडा होता. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा आणि त्यातून अख्खा निसर्गदेखावा उभा करायचा. पाहणाऱ्याला तो थेट बाहेर जाऊन टिपलेला वाटतो, आणि तो असतो चाळीसगावातल्या एका खोलीत. दहा फुटांच्या खोलीत हे होऊ शकत असेल, तर रेल्वेच्या फोटोखाली कुणी काय लिहिलंय यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचं कारण नाही. १८५३ ची पहिली गाडी म्हणून जो फोटो देशभर छापला जातो, तोही ठाण्याजवळच्या पुलावरचा आणि दोन-एक वर्षं नंतरचा मानतात. आता तर जुन्या फोटोंत यंत्रानं रंग भरले जातात, नसलेले फोटो नव्यानं तयार होतात, आणि ‘आपल्या गावात आलेली पहिली गाडी’ म्हणून ते घरोघर फिरतात.

मूस यांच्याबद्दलची आठवण चाळीसगावात सगळ्यांना पाठ आहे. आपली प्रेयसी पंजाब मेलनं येईल म्हणून ते रोज रात्री गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवून वाट पाहत, असं सांगतात. ही आख्यायिका मला मोलाची वाटते. ती खरी की खोटी एवढ्यावर तिचं मोल थांबत नाही. तिच्यात तपासता येण्याजोगं काही आहे. पंजाब मेल १ जून १९१२ पासून धावते, ती रात्रीच चाळीसगाव ओलांडते, आणि तिच्या वेळा जुन्या वेळापत्रकांत, न्यूमनच्या ‘इंडियन ब्रॅडशॉ’सारख्या पुस्तकांत छापलेल्या आहेत. आठवणीत गाडीचं नाव आणि प्रहर असला की तिला असा खुंटा मिळतो. नुसतं ‘आम्ही लहानपणी गाडीनं जायचो’ याला खुंटा नाही.

लहानपणच्या आठवणींची अडचण इथेच आहे. त्या सगळ्या एका साच्यात पडू लागल्या आहेत. मामाचं गाव, धुराच्या रेषा, डोळ्यात गेलेला कोळशाचा कण, खिडकीसाठी भावंडांची भांडणं. गदिमांचं आगगाडीचं बालगीत इतक्या पिढ्यांनी म्हटलंय, की स्वतः पाहिलेलं कुठलं आणि गाण्यातून आलेलं कुठलं हे सांगणाऱ्यालाही वेगळं करता येत नाही. १९७५ च्या आसपास जन्मलेला जळगावचा माणूस मुंबईच्या मेलमध्ये डोळ्यात कोळसा गेल्याचं सांगतो. त्याला खोटं ठरवायचं कारण नाही. पण मुख्य मार्गावर तेव्हा विजेचं इंजिन धावत होतं, म्हणून विचारावं की सुट्टीत सुरतेकडे जायचात का? धुळ्याला आत्या होती का? जामनेरला? आणि मग खरी आठवण निघते, गाडी वेगळी, गाव वेगळं, सोबतचं माणूस वेगळं.

पीजेबद्दलही असंच. गाडी इतकी हळू की उतरून शेतातला हरभरा उपटून पुन्हा चढायचो, ही गोष्ट शेंदुर्णी-पहूरकडे कुणीही सांगेल. हीच गोष्ट मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेबद्दल सांगतात आणि देशातल्या जवळपास प्रत्येक अरुंद रुळांच्या गाडीबद्दल सांगतात. त्यामुळे तिच्यावरून पीजेबद्दल फारसं कळत नाही. पहूरच्या आठवडेबाजाराला कुठल्या वेळची गाडी धरायची, कोंबड्या आणि दुधाच्या किटल्या कुठल्या डब्यात ठेवायच्या, मास्तर तिकीट कुठे बसून फाडायचे, पावसाळ्यात गाडी कुठे थांबून राहायची, हे विचारलं तर कळतं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही गाडी थांबली ती कायमची. मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याचं ठरलं आहे. तिची शेवटची वर्षं मोबाईलमध्ये भरपूर टिपली गेली आहेत. पण पुढं पाठवता पाठवता त्या फोटोंवरची तारीख गळून जाते, आणि पंचवीस वर्षांनी तेही या पिवळ्या फोटोंइतकेच मुके होतील. मूळ फाइल ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती तशीच जपावी.

आठवण कशी सांगावी याचा सगळ्यांत लख्ख नमुना मराठी मुलखातलाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी टिपणांत १९०१ सालचा एक प्रवास आहे. साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघालेली मुलं, अंगावर नवे कपडे, डोक्याला चकचकीत टोप्या, हातखर्चाला दोन-दोन आणे, आणि स्टेशनवर पोचताच प्रत्येकानं घेतलेली लेमोनेडची बाटली. इतका आनंद. आणि मग मसूर स्थानकावर उतरल्यावर न्यायला कुणी आलेलं नाही, मास्तर विचारपूस करतो, मुलं जात सांगतात आणि त्याचा चेहरा बदलतो. पुढची गाडीवानाची, तहानेची रात्र वाचणाऱ्याला विसरता येत नाही. बालपणीची रेल्वेची आठवण म्हणजे काय, हे त्या लेमोनेडच्या बाटलीत आणि त्या चेहऱ्यात एकत्र आहे. त्यातली एकच बाजू सांगितली असती तर आठवण अपुरी राहिली असती.

त्याच टिपणांत चाळीसगाव येतं. साल १९२९. सरकारी समितीचं काम आटोपून बाबासाहेब मुंबईला निघाले होते. धुळ्याच्या मार्गावरच्या एका गावात सामाजिक बहिष्काराची चौकशी करायची म्हणून ते चाळीसगावला उतरले, धुळ्याच्या गाडीनं त्या गावी गेले आणि पुढच्या गाडीनं परत आले. स्टेशनवर दलित वस्तीतली माणसं हार घेऊन उभी होती. पण बाबासाहेबांना वस्तीपर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, हाकायला वस्तीतलाच नवखा माणूस बसला, आणि नदीवरच्या मोरीपाशी टांगा उलटून बाबासाहेब खाली फेकले गेले. पायाचं हाड मोडलं. चाळीसगाव-धुळे फाट्याचा इतिहास लिहायचा तर छप्पन किलोमीटर आणि १९०० साल याच्या शेजारी ही नोंद हवीच. स्टेशनचे फोटो टांग्यांची रांग दाखवतात. त्या टांग्यांत कोण बसू शकत होतं, ते आठवणच सांगते.

कुणाच्या आठवणी अजून गोळाच झाल्या नाहीत, तेही मग दिसू लागतं. ड्रायव्हर आणि मास्तर यांच्या घरात फोटो आहेत. गँगमनच्या घरात क्वचित. मे महिन्यात रुळावर पाय ठेवता येत नाही अशा उन्हात हातोडा मारणारा माणूस फोटोत आलाच तर पाठमोरा असतो. धुळ्याच्या फाट्यावर मोरदड तांडा नावाचं स्थानक आहे. बंजारा तांड्याचं नाव रेल्वेच्या फलकावर चढलं, पण त्या तांड्यातल्या कुणाला गाडी पहिल्यांदा आल्याचं काय वाटलं हे कुणी लिहून ठेवलेलं मला भेटलं नाही. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवर केळीनं वॅगनी भरणारे मजूर. फलाटावर टोपलीत केळी घेऊन खिडकी-खिडकीशी धावणाऱ्या बायका. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या, जनाना डब्यात पहिल्यांदाच एकट्या बसलेल्या मुली. अहिराणीत ‘गाडी ऊनी’ म्हणत फलाटावर उठणारी ही सारी माणसं फोटोंच्या कडेला आहेत, थोडी पुसट, बरीचशी बिननावाची.

काही ठिकाणी एक स्थानक म्हणजे अख्खी गोष्ट असते. धरणगावचे बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले, वय अवघं सत्तावीस. त्या काळातल्या भादली स्थानकाचा एखादा फोटो कुणाच्या पेटीत निघाला, तर फलाट कुठे होता, रूळ किती होते, पायवाट कुठून ओलांडत होती हे त्यातून समजेल, आणि मराठी कवितेच्या वाचकाला ते इंजिनाच्या वर्गापेक्षा कितीतरी अधिक हवं आहे. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. त्या वेळी सावदा आणि भुसावळ स्थानकांवर जी गर्दी उतरली तिचे फोटो घरोघर असणार. त्यात नेत्यांची नावं लिहिलेली असतात; मागच्या गर्दीतले आपल्याच गावचे चेहरे ओळखायचे राहिलेत.

उशीर का करू नये, याचं आणखी एक कारण म्हणजे जागाच बदलत आहेत. मे २०२५ मध्ये धुळे आणि सावदा ही नव्यानं बांधून सजवलेली स्थानकं सुरू झाली. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे आणि तो धुळ्यावरून जाणार आहे. बोरविहीर ते नरडाणा मार्गाचं काम त्याच्याच पोटात येतं. शंभर वर्षं ज्या धुळ्याला रूळ संपत होते, तिथून ते पुढं जातील. धुळेकर पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट पाहत होते ते घडतंय, आणि त्याचा आनंदच आहे. पण जुना फलाट, पाणी भरायचा खांब, दगडी खोली हे एकदा गेलं की फोटोतली जागा प्रत्यक्षाशी ताडून पाहता येणार नाही. आज धुळ्याच्या स्थानकावर सत्तर वर्षांच्या माणसाला फोटो हातात देऊन उभं केलं, तर तो ‘इथं’ म्हणून पाय रोवून दाखवू शकतो. ही सोय फार दिवस राहणार नाही.

हे सगळं ठेवायचं कुठं? धुळे हे या बाबतीत नशीबवान शहर आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच गेले आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी आयुष्यभर केलं काय, तर वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून, बोहारणीच्या हाती जाण्याआधी कागद गोळा केले. कुणाच्या घरात काय आहे हे विचारत गावोगाव फिरले. रेल्वेच्या फोटोंना आज तशाच फिरणाऱ्या माणसांची गरज आहे. जुनी हस्तलिखितं जपणारं समर्थ वाग्देवता मंदिर आहे, जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, भुसावळला रेल्वेची स्वतःची प्रशिक्षण संस्था आहे. इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळी सुट्टीत भुसावळच्या क्वार्टरांत आणि धुळ्याच्या फाट्यावरच्या आठ-नऊ गावांत पाठवलं, तर जे हाती लागेल ते दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयातही नसेल. मूळ फोटो कुणाकडून घेऊ नये. तिथंच मोबाईलनं स्वच्छ प्रत काढावी, दोन्ही बाजूंची. एकाच फोटोबद्दल दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहावं, कुणी सांगितलं त्या नावानिशी. जाणकारांनी काढलेलं सालही त्याच पानावर, ते कशावरून काढलं ते लिहून. कुणाचं खरं हे पुढचा माणूस ठरवील. त्याच्यापुढे दोन्ही असलं पाहिजे.

घरोघरी करायचं काम याहून सोपं आहे. फोटो भिंतीवरून उतरवा, प्लास्टिकमध्ये पक्का करून घेऊ नका, डिंकानं चिकटवू नका. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं, दाब न देता, डावीकडून उजवीकडे नावं लिहा. जो ओळखू येत नाही त्याची जागा मोकळी सोडा. गाव, स्थानक, अंदाजे साल, आणि हे कुणी सांगितलं ते लिहा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसासमोर मोबाईल चालू ठेवून बसा आणि ‘गाडी कशी होती’ असं विचारू नका. कुठल्या बाजूला बसलात, डब्यात शिदोरी काय होती, तिकीट किती आण्यांचं होतं, उतरल्यावर न्यायला कोण आलं होतं आणि कोण आलं नव्हतं, हे विचारा. ते अहिराणीत सांगत असतील तर अहिराणीतच लिहून घ्या. आणि हे दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका, या रविवारी करा.